यूपीएसचा दिवा हिरवा, सीपीयू मात्र ढिम्म

पत्र:

दादा, नमस्कार. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. पीक विम्याच्या अर्जांची गर्दी सुरू आहे आणि नेमका आताच कॉम्प्युटर बंद पडला. सोमवारी रात्री विजा कडाडत होत्या. लाइन गेली ती पहाटे आली. सकाळी बटन दाबलं तर काहीच नाही, पंखासुद्धा फिरत नाही. यूपीएसवर हिरवा दिवा लागतो. महिनाभरापासून बटन पाच-सहा वेळा दाबावं लागायचं, मग सुरू व्हायचा. तारीखही रोज मागे जायची. पावसाळ्यात सीपीयूच्या डब्याला हात लागला की झिणझिण्या येतात, पण ते नेहमीचंच. मशीन २०१५ साली असेंबल करून घेतलेलं आहे, आय-३ चौथ्या जनरेशनचं. तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, मदरबोर्ड गेला, साडेचार हजार लागतील, घेऊन या. गिऱ्हाइकांची सगळी कागदपत्रं त्यातच आहेत. काय करू?

— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर:

ताई, नमस्कार.

साडेचार हजार अजून कुणाला देऊ नका. मदरबोर्डचं, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात त्या मुख्य पाटीचं, निदान फोनवर होत नाही. ते सगळ्यात शेवटी, बाकी सगळं तपासून झाल्यावर करायचं असतं. आणि तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात: महिनाभरापासून बटन पाच-सहा वेळा दाबावं लागायचं. बोर्ड सहसा असा महिनाभर आधी कळवून जात नाही. एसएमपीएस जातो, म्हणजे भिंतीतली लाइन कमी व्होल्टची करून बोर्डाला देणारा सीपीयूतला चौकोनी डबा.

त्याचं कारण समजून घ्या, म्हणजे पुढची तपासणी सोपी होईल. कॉम्प्युटर बंद असला तरी प्लग चालू असेपर्यंत एसएमपीएसचा एक छोटा भाग जागाच असतो. तो जांभळ्या वायरीतून बोर्डाला ५ व्होल्ट देत राहतो. याला स्टँडबाय म्हणतात. समोरचं बटन काही मोठा करंट चालू-बंद करत नाही. ते बोर्डाला फक्त इशारा देतं. बोर्ड त्या स्टँडबायच्या जोरावर हिरवी वायर शून्यावर ओढतो आणि मग एसएमपीएसचा मोठा भाग उठतो, पंखे फिरतात. म्हणजे जांभळी वायर अशक्त झाली तर बटन कितीही दाबा, इशारा ऐकायलाच कुणी नसतं.

ती अशक्त होते कपॅसिटर, म्हणजे वीज थोडा वेळ साठवणारा छोटा भाग, वाळल्यामुळे. कपॅसिटरच्या आतला द्रव उष्णतेने हळूहळू कमी होतो. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना हिशोब आहे. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना पत्र्याखालच्या दुकानात आणि त्यातही एसएमपीएसच्या डब्यात काय होत असेल ते तुम्हीच बघा. असा अर्धा वाळलेला कपॅसिटर गरम असताना कसाबसा काम करतो, थंड झाला की करत नाही. प्लग रात्रंदिवस चालू होता तोवर तो कोमट राहिला, पाच-सहा वेळा दाबून मशीन उठत होतं. सोमवारी रात्रभर लाइन नव्हती, यूपीएसही उतरला असणार. कपॅसिटर पार थंड झाला आणि सकाळी उठलाच नाही.

पत्रावरून हा नुसता संशय आहे. त्या रात्री विजाही कडाडत होत्या, म्हणून बोर्ड गेल्याची दुसरी शक्यता पुसून टाकता येत नाही. तासाभरात खात्री करता येते. लागेल काय? एक मोठा पेचकस, एक जेम्स क्लिप, टेबल लॅम्प आणि मल्टिमीटर. तालुक्याला इलेक्ट्रिकच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांत पिवळा साधा मीटर मिळतो, तो पुरे. गावातल्या वायरमनकडे असेल तर त्यालाच बोलवा.

आधी एक गोष्ट नीट ऐका. एसएमपीएसचा चौकोनी डबा उघडायचा नाही, कुणी कितीही सोपं आहे म्हणालं तरी. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टपर्यंत डीसी साठलेला असतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकतो. बाकी तपासणी त्या डब्याच्या बाहेरूनच होते. पायात चप्पल असू द्या, फरशी ओली नको. कॅबिनेट उघडण्याआधी प्लग भिंतीतून काढा आणि समोरचं बटन दहा-पंधरा सेकंद दाबून धरा.

सुरुवात भिंतीपासून करू. यूपीएसच्या हिरव्या दिव्याचा अर्थ आत लाइन येते आहे इतकाच. बाहेर पडते आहे की नाही ते त्यावरून कळत नाही. सीपीयूची वायर काढून त्याच जागी टेबल लॅम्प लावून बघा. लागला नाही, तर मागचा फ्यूज किंवा रीसेटचं छोटं बटन बघा. मग यूपीएस बाजूला ठेवून सीपीयू थेट भिंतीच्या थ्री-पिनमध्ये लावा. हे सकाळी दहाच्या आत करा. संध्याकाळी गावातले मोटरपंप आणि पिठाच्या गिरण्या चालू झाल्या की डीपीवर, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरवर, ताण येतो आणि व्होल्टेज १६०-१७० वर घसरतं. स्वस्त एसएमपीएसवर २०० ते २४० व्होल्ट छापलेलं असतं, १८० च्या खाली तो उठायला कुरकुरतो. अशा वेळी केलेल्या तपासणीला अर्थ नसतो.

मीटरने प्लग मोजताना चकती एसीच्या ७५० च्या घरात ठेवा, लाल वायर १० अँपिअरच्या भोकात चुकूनही नको. त्या भोकातून व्होल्टेज मोजायला गेलं की सरळ शॉर्ट होतो. फेज आणि न्यूट्रलमध्ये २१० ते २४० दिसलं की झालं. हाताशी मीटर आहेच, तर अर्थिंगही मोजून घ्या. फेज ते वरची जाड पिन, म्हणजे अर्थ, यातही तितकंच यायला हवं. न्यूट्रल ते अर्थ पाच व्होल्टच्या आत. या आकड्यांकडे आपण नंतर परत येऊ, कारण तुमच्या झिणझिण्यांचं उत्तर तिथेच आहे.

पॉवर कॉर्ड बदलून बघा. मॉनिटरची आणि सीपीयूची कॉर्ड बहुतेक सारखीच असते, तीच अदलाबदल करा. एसएमपीएसच्या मागे काळा स्विच असतो, तो रेघेच्या बाजूला दाबलेला हवा, गोलाच्या बाजूला नको. सफाई करताना तो हमखास उलटा होतो. शेजारी लाल सरकता स्विच असेल आणि त्यावर ११५ दिसत असेल तर प्लग लावूच नका. ११५ वर ठेवून आपली २३० ची लाइन दिली की फटाक्यासारखा आवाज होऊन फ्यूज आणि कपॅसिटर दोन्ही जातात. तो २३० वरच हवा.

आता मागची सगळी जोडणी काढा. प्रिंटर, बोटांचे ठसे घेणारं यंत्र, वेबकॅम, पेनड्राइव्ह, लॅनची म्हणजे इंटरनेटची वायर, सगळं. यूएसबीच्या एखाद्या पोर्टमधली जीभ तुटून आतल्या पिना एकमेकींना टेकल्या असतील तर एवढ्यानेही मशीन अडतं. सेवा केंद्राच्या मशीनला दिवसभर पेनड्राइव्ह घालणं-काढणं चालूच असतं, म्हणून टॉर्च लावून प्रत्येक पोर्टात डोकावून बघा.

कॅबिनेटचं डावं झाकण काढलं की हात लावण्याआधी नाक आणि डोळे वापरा. जळका वास कुठून येतो? एसएमपीएसच्या जाळीतून येत असेल तर निम्मं काम झालं. बोर्डावर प्रोसेसरच्या आजूबाजूचे उभे डबीसारखे कपॅसिटर बघा, त्यांचं डोकं सपाट हवं. फुगलेलं किंवा तपकिरी चिकट द्रव आलेलं असेल तर बोर्डाबद्दलचा संशय खरा धरायला हरकत नाही. पाल, मुंग्या, उंदराने कुरतडलेल्या वायरी हेही बघा. मागच्या रिकाम्या पट्ट्या निघालेल्या असल्या की पाल उबेला आत शिरते आणि एसएमपीएसमध्ये किंवा बोर्डाच्या मागे दोन ठिकाणी टेकून स्वतःही मरते, मशीनही मारते.

दुकानात कूलर असेल तर आणखी एक गोष्ट दिसेल: धुळीवर पांढरट थर. कूलरच्या जड पाण्यातला क्षार हवेबरोबर उडून आत बसतो. वर कापसाचा हंगाम, जिनिंगच्या बाजूने येणारी रुई आणि धूळ. उन्हाळ्यात हा थर कोरडा असतो म्हणून त्रास देत नाही. पावसाळी दमट हवेत तो पाणी धरतो आणि पिनांमधून थोडा थोडा करंट वाहू देतो. मऊ ब्रशने आणि ब्लोअरने तो अंगणात नेऊन काढा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, ब्लोअरने त्याला भन्नाट फिरू देऊ नका. ओलं फडकं तर अजिबात नको.

आता मुख्य तपासणी. बोर्डात रुतलेला २४ पिनांचा रुंद कनेक्टर बघा. त्याच्या बाजूला खिट्टी असते. ती दाबून तो सरळ वर ओढा, हलवत-हलवत नको. मीटर डीसीच्या २० च्या घरात ठेवा, प्लग लावा, मागचा स्विच चालू करा. काळी टोकणी कुठल्याही काळ्या वायरीच्या भोकात, लाल टोकणी जांभळ्या वायरीत. ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये आकडा हवा.

शून्य आलं तर एसएमपीएस गेला. साडेतीन-चार आलं, किंवा आकडा वर-खाली नाचत असेल, तरी गेलाच. ५ बरोबर आलं तर कनेक्टर परत बोर्डात बसवून मागच्या बाजूने, वायर जिथे आत शिरते तिथे टोकणी खुपसून पुन्हा मोजा. मोकळा असताना ५ आणि बोर्डात लावल्यावर दोन-तीन, असं झालं तर एक तर एसएमपीएस ओझं पेलत नाही, नाही तर बोर्डावर शॉर्ट आहे. दोन्हींतला दोषी कोण ते पुढे कळेल.

एसएमपीएसला बोर्डाशिवाय उठवूनही बघता येतं. प्लग काढा. २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये एकच हिरवी वायर असते, तिच्या दोन्ही बाजूंना काळ्या. जेम्स क्लिप सरळ करून तिचं एक टोक हिरव्यात, दुसरं शेजारच्या काळ्यात घाला. मग प्लग लावून मागचा स्विच दाबा. एसएमपीएसचा पंखा फिरला पाहिजे. काही एसएमपीएस ओझं असल्याशिवाय उठत नाहीत, म्हणून कॅबिनेटचा पंखा किंवा जुना डीव्हीडी रायटर जोडून ठेवा. तुमची हार्ड डिस्क या कामाला वापरू नका. बिघडलेल्या एसएमपीएसने तिला जास्त व्होल्ट दिले तर गिऱ्हाइकांची कागदपत्रं गेली म्हणून समजा. पंखा फिरत असतानाच पिवळी वायर ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५ आणि नारंगी ३.१४ ते ३.४७ या आत आहे का ते मोजा.

दोन सूचना. तुमच्या एसएमपीएसच्या सगळ्या वायरी काळ्याच असतील तर अंदाजाने क्लिप घालू नका. आणि ही कृती तुमच्यासारख्या असेंबल मशीनसाठीच आहे. कंपनीच्या तयार ऑफिस डेस्कटॉपमध्ये बरेचदा ६ किंवा ८ पिनांचा वेगळाच कनेक्टर असतो, तिथे हा हिशोब लागू पडत नाही.

पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस निर्दोष सुटला असं मात्र नाही. मीटर सरासरी आकडा दाखवतो, वाळलेल्या कपॅसिटरमुळे आत होणारी थरथर त्याला दिसत नाही. म्हणून सगळ्यात भरवशाची परीक्षा एकच: कुणाचा तरी चालता एसएमपीएस तासाभरासाठी मागून आणा. तो तुमच्या कॅबिनेटमध्ये बसवायचीही गरज नाही. बाजूला टेबलावर ठेवा, २४ पिनांचा कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा ४ पिनांचा चौकोनी कनेक्टर एवढे दोनच जोडा आणि बटन दाबा. मशीन पहिल्याच दाबात उठलं तर विषय संपला.

मागायला कुणीच नसेल तर एक कामचलाऊ उपाय आहे. प्लग काढलेला असताना एसएमपीएसच्या जाळीतून हेअर ड्रायरची गरम हवा दोन-तीन मिनिटं सोडा, ड्रायर बाजूला ठेवा, मग प्लग लावून बटन दाबा. गरम झाल्यावर उठला आणि थंड असताना उठत नसेल, तर कपॅसिटरबद्दलचा संशय पक्का. उठलाच तर आधी कागदपत्रं पेनड्राइव्हवर घ्या. यावर दुकान चालवत राहू नका.

बटनाकडेही एकदा बघा, कारण ते फुकटात तपासता येतं. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात समोरच्या पट्टीच्या बारीक वायरी जातात, त्यातल्या एका जोडीवर पॉवर स्विच असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. ती जोडी काढून त्या दोन पिनांना पेचकसाच्या टोकाने क्षणभर एकत्र टेकवा. मशीन उठलं तर बटन खराब, मग रीसेटच्या बटनाची वायर त्या पिनांवर लावा आणि खुशाल रीसेटने कॉम्प्युटर सुरू करत जा. बटन आत अडकून राहणं हाही धुळीच्या गावातला नेहमीचा रोग. तेव्हा मशीन सुरू होतं आणि बरोबर चार सेकंदांनी बंद पडतं, कारण बटन चार सेकंद दाबून धरलं तर मशीन बंद करायचं असा बोर्डाला आदेशच असतो. तुमचं लक्षण ते नाही.

दुसऱ्या एसएमपीएसनेही काही झालं नाही तर बोर्डाकडे वळा. प्रोसेसरजवळचा ४ पिनांचा कनेक्टर काढा, २४ पिनांचा तसाच ठेवा आणि बटन दाबा. आता पंखे फिरत राहिले, पण तो ४ पिनांचा लावला की टिक होऊन बंद, असं असेल तर प्रोसेसरला वीज देणारे बोर्डावरचे मॉस्फेट शॉर्ट झालेत. इथे दुरुस्तीवाल्याचं म्हणणं बरोबर ठरतं. जांभळ्यावर ५ व्होल्ट पक्के आहेत, पिना पेचकसाने टेकवल्या तरी हिरवी वायर खाली येत नाही, तेव्हाही दोष बोर्डाचाच. विजेच्या रात्रीनंतर असं होतं तेव्हा लॅनच्या पोर्टामागची चिप पुष्कळदा गेलेली असते. इंटरनेट फायबरचं असेल तर फायबरमधून वीज येत नाही हे खरं, पण फायबरचा डबा विजेच्या अडॅप्टरवर चालतो आणि त्याच्यातून तांब्याची लॅन वायर तुमच्या मशीनला जोडलेली असते. झटका त्या वाटेने आत येतो.

तारीख मागे जाते ते बोर्डावरच्या गोल सेलमुळे. सीआर २०३२ हा नंबर, चाळीस-पन्नास रुपयांत घड्याळवाल्याकडेही मिळतो. नवा ३ व्होल्टच्या वर दाखवतो, तुमचा अडीचच्या खाली गेला असेल. तेवढ्यामुळे मशीन मुकं होणं दुर्मीळ, पण काही बोर्ड मेलेल्या सेलवर अडून बसतात, म्हणून या निमित्ताने बदलूनच टाका. जुना काढल्यावर प्लग बंद ठेवून पाच मिनिटं थांबा, मग नवा बसवा, अधिकचं चिन्ह वर. तारीख चुकली की सरकारी पोर्टल सुरक्षिततेचा इशारा देऊन उघडत नाहीत, तो त्रासही जाईल.

पंखे फिरतात पण स्क्रीन काळी, हा अगदी वेगळा आजार आहे आणि तिथे रॅम काढून खोडरबराने पुसायची असते. तुमच्याकडे पंखाच फिरत नाही, त्यामुळे रॅम पुसून काही हाती लागणार नाही. कुणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नका.

नवा एसएमपीएस घेताना डब्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. ४५० वॅट असं ठळक छापलेलं असतं, पण लेबलावर १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. १४ लिहिले असतील तर १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅट, एवढीच कामाची ताकद. तुमचा आय-३ बहुधा ५४ वॅटचा आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, पूर्ण मशीन शंभर वॅटच्या आत चालतं. १६-१८ अँपिअरचा खरा एसएमपीएस भरपूर झाला. इनपुटला १०० ते २४० लिहिलेला मिळाला तर तोच घ्या, कमी व्होल्टेजच्या गावात त्याचे जास्तीचे पैसे वसूल होतात. सात-आठशेचा हलका डबा हातात घेतला की वजनावरूनच कळतो. बऱ्या कंपनीचा दोन-अडीच हजारांच्या घरात येतो. ४ पिनांचा कनेक्टर आणि डिस्कसाठी साटाचे दोन कनेक्टर आहेत ना, एवढं दुकानातच बघून घ्या. बसवायला मागचे चार स्क्रू.

आता त्या झिणझिण्या. त्या नेहमीच्या समजू नका. एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून अर्थकडे जाणारे बारीक कपॅसिटर असतात. अर्थिंग चांगलं असेल तर त्यातून येणारा थोडासा करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटचा पत्रा अधांतरी राहतो आणि त्याच्यावर निम्मी लाइन, म्हणजे सव्वाशेच्या आसपास व्होल्ट येतात. करंट थोडा असतो म्हणून माणूस सहसा दगावत नाही, पण प्रिंटरची यूएसबी खोचताना ठिणगी पडून पोर्ट जातात. आणि एसएमपीएसच्या आत काही तुटलं तर तोच पत्रा पूर्ण २३० चा होतो.

मघाशी मोजलेलं फेज ते अर्थ २३० च्या बरंच खाली असेल, तर तुमच्या प्लगला अर्थ नाही किंवा अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलाय. काळ्या मातीचं हेच दुखणं आहे. पावसाळ्यात ती छान धरते, उन्हाळ्यात भेगाळली की पाइपापासून सुटते. नीट अर्थिंग म्हणजे अडीच मीटरचा जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, आणि उन्हाळाभर आठवड्याला दोन बादल्या पाणी. वायरमन खड्डा टाळण्यासाठी प्लगच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून देईल, मीटरवर आकडेही सुंदर दिसतील. ते करू देऊ नका. कुठे न्यूट्रल तुटला की त्याच तुकड्यातून पूर्ण फेज तुमच्या कॅबिनेटवर येतो. दुकानाच्या मेनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्या, कूलरसाठीही तो तेवढाच गरजेचा.

न्यूट्रल डीपीवर तुटला तर वेगळाच प्रसंग. बल्ब एकदम पांढरेफटक पेटतात, पंखे सुसाट पळतात. काही घरांत व्होल्टेज चारशेच्या जवळ जातं. तेव्हा आधी मेन पाडा, मग लाइनमनला फोन. आणि विजांच्या रात्री नुसता स्विच बंद करून भागत नाही, थ्री-पिन भिंतीतून काढा आणि लॅनची वायरही काढा. स्पाइक गार्ड अर्थिंगशिवाय जवळपास नुसता एक्स्टेन्शन बोर्ड असतो.

यूपीएसही तपासून घ्या. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते, आपल्या उन्हाळ्यात ती दोन-तीन वर्षांत थकते. लाइन जाताच मशीन बंद पडत असेल तर अख्खा यूपीएस नको, बॅटरीच बदला. लेझर प्रिंटर किंवा झेरॉक्स मशीन त्याच्यावर लावू नका, तापताना ते यूपीएसच्या ताकदीपेक्षा जास्त ओढतात.

आणि सगळं करून बोर्डच गेलेला निघाला तर? तरीही साडेचार हजार देताना थांबा. तुमच्या प्रोसेसरला ११५० सॉकेटचा, एच-८१ जातीचा आणि डीडीआर-३ रॅमचा बोर्ड लागतो. आता मिळतात ते वापरलेले किंवा बिननावाचे. शिवाय विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी जनरेशन किंवा पुढची लागते. लोकांचे आधार आणि बँक पासबुक हाताळणाऱ्या मशीनवर एवढा खर्च करण्यापेक्षा थोडी भर घालून आठव्या जनरेशनचं वापरलेलं ऑफिस मशीन वॉरंटीसह घेणं मला जास्त पटतं. एसएमपीएसच निघाला तर मात्र सध्या तेवढाच बदला, हंगाम काढा, मग विचार करा.

दुरुस्तीवाल्याकडे जावंच लागलं तर त्याला तीन गोष्टी विचारा: जांभळ्या वायरीवर किती व्होल्ट आले, दुसरा एसएमपीएस लावून पाहिला का, आणि ४ पिनांचा कनेक्टर काढून काय झालं. ज्याने खरंच तपासलंय तो लगेच सांगेल. बदललेला जुना भाग परत मागा.

सीपीयू नेण्याआधी हार्ड डिस्क काढून घरी ठेवा. बाजूचे स्क्रू आणि दोन चपट्या वायरी, एवढंच काम. ती शेजारच्या कुणाच्या डेस्कटॉपला साटा वायरीने जोडली की फाइली दिसतात. यूएसबीच्या वायरीने जोडायची असेल तर सोबत १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेलीच घ्या, साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीवर फिरत नाही. मशीन उठतं की नाही हे बघायला दुरुस्तीवाल्याला डिस्कची गरज नाही. डिस्क सापडली नाही असा संदेश त्याच्या स्क्रीनवर आला की त्याचं काम झालं.